शिंगाच्या अळ्यांचा नेम

वलथरेकाकांच्या घरी चहाला जायचं तर आधी दारात उभं राहून झडती द्यावी लागे. पुरुषांनी खिसे उलटे करून दाखवायचे, बायकांनी पर्स टेबलावर ओतायची. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी, काडेपेटी, कापूर, अत्तर, डासांची अगरबत्ती यांतलं काही निघालं की ते दाराबाहेरच्या टोपलीत जमा. मग अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि काकांच्या नाकापुढे धरायचे. काका डोळे मिटून वास घेत आणि मान हलवत. ही झडती फक्त बैठकीपुरती होती. मागच्या खोलीत, जिथे अळ्या होत्या, तिथे जायला दुसरी झडती होती.

काकांची पस्तीस वर्षं जवाहरनगरच्या कारखान्यात बारुदाच्या कामात गेली. रोज गेटवर स्वतःची झडती देत आलेला माणूस रिटायर झाला आणि त्याला पहिल्यांदाच दुसऱ्याची झडती घ्यायला मिळाली, त्यामुळे ते काम ते फार मन लावून करत. गेटबाहेरच्या लेआउटात, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, त्यांचं घर आणि आमचं घर, मध्ये एक रिकामा प्लॉट. मी इथल्याच शाळेत शिकवते. सगळं लेआउट मला रामटेके मॅडम म्हणतं, काकाही तेच म्हणत.

अळ्यांची सुरुवात साहेबांपासून झाली. साहेब म्हणजे सरडा.

हा सरडा आपल्या कुंपणावरचा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या जातीचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला, रीतसर कागदपत्रांसह पाळलेला. तो होता काकांच्या सुनेचा, मानसीचा. तिनं त्याचं नाव टोनी ठेवलं होतं. पण काचेच्या पेटीत मान वर करून, डोळे अर्धे मिटून, कुणाचीही दखल न घेता बसलेल्या त्या प्राण्याला पाहून काका म्हणाले, "हा तं राउंडवर आलेला साहेब दिसून राहिला." तेव्हापासून तो साहेब झाला आणि काका त्याच्यासमोर शर्टाची वरची गुंडी लावूनच जाऊ लागले.

मानसी आणि काका यांच्यात दोन वर्षं बोलणं नव्हतं. काकांच्या मुलानं, प्रशांतनं, नागपूरला कोर्टात लग्न केलं आणि झाल्यावर फोनवर कळवलं. काका म्हणाले, त्या घरचं पाणी पिणार नाही. राग मुलगी परजातीची म्हणून नव्हता, न विचारता केलं म्हणून होता, असं ते सांगत. ते निम्मं खरं असावं. काकू, म्हणजे सुलोचनाकाकू, महिन्या-दोन महिन्यांनी नागपूरला जाऊन येत. काका त्यांना हायवेवर बसमध्ये बसवून देत आणि परत येत.

पाऊस लागायच्या सुमाराला कंपनीनं मुलाला आणि सुनेला चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. सरडा सांभाळायला नागपुरात कुणी तयार होईना. तेव्हा मानसीनं थेट काकांना फोन केला आणि विचारलं. काका "आणून दे" एवढंच म्हणाले. प्रशांत पेटी ठेवून गेला, त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"मॅडम, ह्या पोरीनं दोन सालात मले काई मांगतलं नाई. मीबी काई देल्लं नाई. आता मांगतलं तं हे मांगतलं." मग म्हणाले, "हा सरडा मेला तं मी तिले तोंड कसं दाखवू?"

आणि साहेब पहिल्या पंधरा दिवसांतच खंगायला लागले. पाकिटातलं खाणं त्यांना उतरेना, पाय थरथरू लागले. काका त्यांना खोक्यात घालून नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, याला ओलसर, मऊ अळ्या हव्यात. त्यांनी फोटो दाखवला. हिरवीगार, बोटाएवढी जाड, शेपटीवर शिंग. परदेशात लोक अशा अळ्या डब्यांत मुद्दाम वाढवतात म्हणे. पण उगाच कुठूनही उचलून आणायच्या नाहीत. टमाट्यावरची, कण्हेरीवरची अळी झाडाचं विष अंगात घेऊन बसते आणि फवारलेल्या शेतातली तर त्याहून वाईट. स्वच्छ पाल्यावर, अंड्यापासून घरात वाढवलेलीच द्यायची.

काका फोटो बघून हसले. "डॉक्टरसाहेब, ही तं तिळीवर पडते. इच्यासारकीच आहे."

तिळावर औषध नसेल तर चालेल, पण घरी वाढवायला जमेल का, असं डॉक्टरांनी विचारलं. काकांना तो प्रश्न लागला. "जमन का म्हणता? माह्या बापानं जलमभर अळ्याच पोसल्या."

ते खरं होतं. काका मासोळी धरणाऱ्या ढिवर समाजातले. त्यांचे वडील साकोलीकडच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या वाढवत. झाडांवर अळ्या असेपर्यंत ते जंगलातल्या झोपडीतच राहत, पाखरं हाकलत आणि नेम पाळत. मासोळी खायची नाही, डोक्याला तेल नाही, दाढी नाही, खाटेवर झोपायचं नाही, खोटं बोलायचं नाही आणि कुणावर आवाज चढवायचा नाही. काकांनी मधल्या प्लॉटवर तीळ पेरला, तो वाढेपर्यंत साहेबांना डॉक्टरांच्या औषधावर तगवलं, मागच्या खोलीत जाळीचे डबे मांडले आणि वडिलांचा सगळाच्या सगळा नेम घरात लागू केला.

मी म्हटलं, "काका, कोशाचं ठीक आहे. यांचं तर साहेब जेवण करणार. त्यांच्यासाठी कसला नेम?"

"पोसाची अळी अन् नेम नाई, असं कसं होईन?" काका म्हणाले.

घरात मासोळी बंद झाली याचा खरा भार काकूंवर पडला. ढिवराच्या घरात पावसाळ्यात मासोळी नाही म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. तिसऱ्या आठवड्यात काकू पदराखाली पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचा गॅस रिकामा आहे का?" मग दर रविवारी आमच्याकडे रस्सा होऊ लागला. जेवून झालं की काकू लिंबानं हात घासत, बडीशेप चघळत आणि घरी जाऊन झडती देत.

मात्र नेमाचा एक फायदाही काकूंनी करून घेतला. काकांना आवाज चढवायची बंदी आहे म्हटल्यावर पस्तीस वर्षांत मनात साठलेलं त्यांनी थोडं थोडं बाहेर काढायला सुरुवात केली. कुठल्या लग्नात त्यांना बसस्टँडवर विसरून काका एकटेच घरी आले होते, इथून आरंभ झाला. काका तिळाची पानं पुसत मुकाट ऐकत. फार झालं तर म्हणत, "सुलोचना, ह्याइची झोप चालू आहे, हळू बोल." कात टाकण्याआधी अळी दीड-दोन दिवस खाणं सोडून गुमान बसते, त्याला कोशावाले झोप म्हणतात. काकूंचं म्हणणं असं की त्या महिन्यात अळ्या जरा जास्तच झोपल्या.

खर्ऱ्याची गोष्ट वेगळी. काका तीस वर्षं खर्रा खात. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, काकूंनी रडून पाहिलं, मुलानं बोलणं टाकून पाहिलं. मग एक दिवस खर्रा घोटलेल्या हातानं काकांनी डबा साफ केला आणि त्या डब्यातल्या अळ्या मेल्या. काका त्या डब्यासमोर तासभर बसून होते. उठले आणि खिशातली पुडी उकिरड्यावर टाकून आले, ती कायमची. काकू मला म्हणाल्या, "माह्या डोळ्यातल्या पाण्यानं जे झालं नाई, ते सहा अळ्याइनं केलं." त्या हसत होत्या, पण त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते मला दिसलं.

तेव्हापासून खर्रा हा लेआउटातला पहिल्या नंबरचा गुन्हा ठरला. आमच्या भागात खर्रा न खाणारा माणूस शोधावा लागतो. केबलवाला, नळवाला, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला पाहुणा, सगळे काकांच्या नळावर तीन-तीनदा हात धूत.

माझं काम दुपारी चारचं. साहेबांच्या जेवणाची ती वेळ. काकांनी हातानं वाढवलेली अळी काकांच्या हातून साहेबांना देणं काही होईना. काकू सरड्याला भीत. तेव्हा शाळेतून आल्यावर चिमट्यात अळी धरून पेटीत सोडायची ती मी. "पोसणारा हात येगळा अन् देणारा हात येगळा पाह्यजे," असा काकांनी नियमच करून टाकला. मी पेटीचं झाकण उघडलं की काका खुर्ची फिरवत आणि भिंतीकडे तोंड करून बसत.

"झालं?" भिंतीला विचारत.

"झालं."

"साहेबानं मन लावून खाल्लं ना?"

"चाटून पुसून."

मग काका खुर्ची सरळ करत आणि साहेबांकडे कौतुकानं बघत. साहेबांच्या पायांत जोर आला होता, रंग उजळला होता. त्या अळीबद्दल ते एक शब्द काढत नसत. पण संध्याकाळी डबे पुसताना दर वेळी एका डब्यापुढे थांबत, हे मी पाहिलेलं आहे.

घोटाळा झाला तो काकांच्या अभिमानापायी.

पहिल्या खेपेला प्लॉटवरच्या तिळावर जशी सापडतील तशी अंडी त्यांनी आणली होती, त्यामुळे लहान-मोठ्या अळ्या कायम असत आणि साहेबांचं भागत होतं. पण दुसऱ्या खेपेला काकांनी मच्छरदाणीत एकाच पाखराची, म्हणजे पतंगाची, अंडी घेतली आणि एका दिवशी एकदम पोसायला काढली. कोशावाल्याची हुशारी यातच असते. सगळ्या एकदम खाव्यात, एकदम झोपाव्यात, एकदम कोश करावेत. असं पीक साधलं की चार गावांत नाव होतं. दसऱ्याला दहा-बारा दिवस असताना एका सकाळी काका पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरले. उरलेल्या चाळीसच्या चाळीस अळ्या त्या दिवशी एकसाथ मातीच्या बादलीत उतरल्या होत्या. या जातीची अळी झाडावर कोश करत नाही, मातीत शिरून कवच करते.

"बापाले दाखवाले पाह्यजे होतं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मी पेढा खाल्ला.

दुपारी चारला मी चिमटा घेऊन गेले. काका सवयीनं खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मी सगळे डबे पाहिले. मग म्हटलं, "काका, देऊ काय?"

काकांनी खुर्ची हळूच फिरवली आणि रिकाम्या डब्यांकडे पाहिलं.

साहेबांना दोन महिने मऊ अळ्यांची चटक लागलेली. त्यांनी पाकिटातल्या खाण्याकडे पाठ केली, कोवळ्या पाल्याकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी गळ्याखालची दाढी काळी पडली आणि मान खाली गेली. फोनवर डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे. मानसीला यायला चार-पाच दिवस होते. प्लॉटवरचा तीळ तोवर वाळून गेला होता. आपण चाळीस जीव वाढवले आणि ज्याच्यासाठी वाढवले त्यालाच उपाशी ठेवलं, हे काका पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. चेहरा पार उतरला होता त्यांचा. मला स्वतःची लाज वाटली, कारण शिकलेली मी, रोज चिमटा धरत होते आणि माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

माझं माहेर लाखांदूरजवळचं. तिकडे धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उशिराचा तीळ असतो. रविवारी सकाळी आम्ही दोघं एस्टीनं निघालो. काकांच्या खिशाला पेन, हातात वही, गळ्यात भिंग आणि पिशवीत झाकणाला भोकं पाडलेला स्टीलचा डबा. गावच्या फाट्यावर उतरताच त्यांनी पहिल्या माणसाला विचारलं, "तिळीवर अळी पडली का तुमच्याइकडे?"

एवढं पुरलं. अर्ध्या तासात धुऱ्यावर पंधरा-वीस शेतकरी जमले. पेन, वही आणि भिंग घेऊन आलेला माणूस किडीची चौकशी करतो म्हणजे नुकसानीचा पंचनामा करायलाच आला असणार. जो तो आपापल्या वावरात ओढू लागला. अळ्या होत्या, भरपूर होत्या, हिरव्या, पिवळ्या, शिंगवाल्या. काका हरखून जात आणि मग विचारत, "फवारणी केली का जी?"

"दोन डाव केली, साहेब."

दुसरा म्हणे, तीन डाव. तिसऱ्यानं चार सांगितले आणि पुराव्याला औषधाचा रिकामा डबा घेऊन आला. फवारणी केली नाही म्हटलं तर पंचनाम्यात नाव येणार नाही, अशी सगळ्यांची समजूत. मला वाटतं, त्यांतल्या निम्म्यांनी फवारलं नसावं. पण खरं काय ते कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक उत्तरावर काका "अरे बापा" म्हणून खाली बसत आणि लोकांना वाटे, साहेबाला आपली फार कळकळ आहे.

शेवटी टोकाच्या धुऱ्यावर एक म्हातारी भेटली, गिरजाबाई. तिनं काका विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "मी नाई मारलं औषध. लिवून घ्या लिवाचं असन तं. माह्या कोंबड्या फिरतेत इथं. त्या मेल्या असत्या तं कोणी देल्या असत्या मले?"

काकांनी वही खाली ठेवली आणि चिखलात वाकून तिच्या पायांना हात लावला.

गिरजाबाई दोन पावलं मागे सरकली. "पंचनामा करून राहिला का पूजा करून राहिला हा माणूस?"

मग तिनंच नऊ अळ्या काढून दिल्या आणि विचारलं, "पण पाह्यजे कायले?"

नेमात खोटं बोलायचं नसतं. "माह्या सुनेच्या सरड्याले," काका म्हणाले.

धुऱ्यावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. एका वयस्क माणसानं विचारलं, "सरडे पोसाची नवीन योजना आली का जी?"

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी माहेरी थांबले. काका डबा मांडीवर घेऊन दुपारच्या बसनं एकटे परतले. बस निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की देणारा हात तर इथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी उतरल्याबरोबर मी तडक त्यांच्याकडे गेले. झडतीला कुणी आलं नाही. आत गेले तर साहेब पेटीत मान वर करून बसलेले, दाढीचा काळेपणा उतरलेला. काका बाजूला खुर्चीत, पेटीकडे तोंड करून.

"कोणी दिली?" मी विचारलं.

काकूंनी सांगितलं, "ह्याइनंच देल्ली. अळीले हात जोडले, साहेबाले हात जोडले अन् डोळे मिटून चिमटा पुढं केला. तो साहेबाच्या नाकाले लागला. तीन डाव हुकला. मंग म्या म्हटलं, डोळे उघडा जी. बिचाऱ्या दोघाइचेबी हाल होऊन राहिले."

"ह्या मी पोसलेल्या नोयत्या, मॅडम," काका हळूच म्हणाले. तेवढाच आधार त्यांनी स्वतःसाठी शोधून ठेवला होता. मला त्या वेळी त्यांची फार माया आली.

दसऱ्याच्या आधी मानसी आली, प्रशांत नागपूरलाच थांबला होता. मी मुद्दाम ओट्यावरून बघत होते. काका दारात आडवे उभे. दोन वर्षांत पहिल्यांदाच समोर आलेल्या सुनेला ते म्हणाले, "पर्स ओत."

मानसीनं ओतली. अत्तराची बाटली टोपलीत गेली. तिनं नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि काकांच्या नाकापुढे धरले. काकांनी डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली. डोळे मात्र लगेच उघडले नाहीत.

साहेब तिच्या खांद्यावर चढून बसले. चांगले गुबगुबीत झाले होते. मानसीनं काकूंना विचारलं की घरात मासोळी का नाही, आणि काकूंनी सगळं सांगितलं, बसस्टँडवर विसरल्याच्या गोष्टीसकट. मानसी ऐकत राहिली. मग काकांना म्हणाली, "बाबा, आता नेम सुटला ना?"

"साहेब तुह्या हातात गेला. सुटला."

"मग मासोळी माझ्या घरी खायची. मी करते."

काका भिंतीकडे बघायला लागले. त्या घरचं पाणी न पिण्याचा शब्द त्यांनी दोन वर्षं सांभाळला होता. "बादलीत चाळीस जीव आहेत," ते म्हणाले. "त्याइले सोडून कसा येऊ?"

"त्यांनाही घेऊन या," मानसी म्हणाली.

तो दसऱ्याचा दुसरा दिवस. हायवेवरच्या स्टॉपवर मी दोघांना सोडायला गेले होते. काकूंच्या हातात कपड्यांची बॅग, काकांच्या हातात मातीची बादली, तिच्यावर ओलं फडकं बांधलेलं. काकांनी साडेतीन महिन्यांनी दाढी केली होती.

"काका, तुम्ही तर पाणी पिणार नव्हता तिथलं," मी म्हटलं.

"पाण्याचं म्हणलो होतो," काका म्हणाले. "रश्श्याचं नोयतो म्हणलो." मग बादली या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "आता देणारा हात मानसीचा. मी तिच्या भिंतीकडे तोंड करून बसन."

आठवडाभरासाठी म्हणून गेले ते दोघं नागपूरचेच झाले. फोनवर बोलणं होतं, अळ्या आता लहान-मोठ्या ठेवतात असं कळतं. मधल्या प्लॉटवर दर पावसाळ्यात तीळ आपोआप उगवतो. मी त्यावर कुणाला फवारू देत नाही.

पण काका म्हटलं की मला ती नागपूरची बसच आठवते. काकूंना पुढे बायकांत जागा मिळाली, काकांना मागे खिडकीशी. बादली मांडीवर घेऊन ते बसले. शेजारच्या माणसानं प्लास्टिकमध्ये खर्रा घोटायला घेतलेला मला खालून दिसत होता. काका त्याच्याकडे वळले, बादलीकडे बोट दाखवून काहीतरी बोलले. त्या माणसानं मान हलवली. काका पुन्हा बोलले. कंडक्टरनं घंटी दिली, बस हलली. ती वळणावर पोहोचली तेव्हा मागच्या खिडकीतून दोन अनोळखी हात कोपरापर्यंत बाहेर आलेले होते आणि वलथरेकाका बाटलीनं त्यांच्यावर पाणी ओतत होते.